ग्राउंडवर ठणठणीत, साडेअकराला आडवा: व्यायामानंतर ऊन लागून होणारा त्रास कसा शोधायचा आणि कुठे थांबायचं

मी अकोल्यात पोलीस भरतीच्या पोरापोरींचं ग्राउंड घेतो, 11 वर्षं झाली. दरवर्षी फेब्रुवारी संपत आला की एकच तक्रार सुरू होते आणि जूनचा पाऊस पडेपर्यंत चालते. पोरगं पहाटे साडेपाचला येतं, 1600 मीटर मारतं, स्प्रिंट मारतं, गोळा टाकतं, आठला हसत-खेळत निघून जातं, आणि साडेअकराला त्याच्या आईचा फोन येतो की सर, याला बघा काय झालं, उलट्या करून रायला, डोकं धरून बसलाय. घरचे म्हणतात पित्त, शेजारच्या काकू म्हणतात नजर लागली, पोरगं स्वतः म्हणतं रात्रीची भेळ बाधली. पहिली दोन-तीन वर्षं मीही पित्तच समजायचो आणि लिंबू सरबत घे म्हणून सांगायचो. मग एका उन्हाळ्यात लक्षात आलं की ज्यांना त्रास होतो त्यांचं ग्राउंड सारखंच असतं, पण ग्राउंड संपल्यानंतरचे दोन-तीन तास वेगळे असतात. कोणी तडक पत्र्याच्या अभ्यासिकेत जाऊन बसलेला, कोणी बंबाच्या कडकडीत पाण्याने आंघोळ केलेली, कोणी गाडीवर 30 किलोमीटर उन्हात गावी गेलेला, कोणी वावरात बापाला मदत करायला.

कारण असं आहे की गॅस बंद केला म्हणून तवा लगेच गार होत नाही. पळताना स्नायू जी ऊर्जा जाळतात त्यातली साधारण पाव भागच पळण्यात जाते, उरलेली सगळी उष्णता होते. ती बाहेर टाकायला शरीर कातडीकडे रक्त पाठवतं आणि घाम काढतं. पळणं थांबल्यावरही हे काम बराच वेळ चालू राहतं. त्याच वेळात तुम्ही परत उन्हात किंवा गरम जागेत गेलात तर आतली उष्णता निघत नाही आणि वरून बाहेरची येते, घामात पाणी-मीठ जातच असतं, आणि रक्त पायात आणि कातडीत पसरल्यामुळे डोक्याकडे कमी पडतं. म्हणून त्रास उशिरा होतो आणि कोणी त्याचा संबंध सकाळच्या ग्राउंडशी जोडत नाही.

लक्षणं कशी दिसतात

नेहमीचा प्रकार असा: डोकं जड किंवा ठणकतं, मळमळ, एखादी उलटी, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी, पोटऱ्यांत गोळे येणं, चिडचिड, भूक मेलेली, अंगाला चिकट घाम, चेहरा पांढरा पडलेला. पोरगं थकलेलं असतं पण बोलतं नीट, विचारलं तर सगळं सांगतं. यातली बहुतेक घरीच बरी होतात आणि खालच्या तपासण्या मुख्यतः त्यांच्यासाठी आहेत.

दुसरा प्रकार वेगळा आहे आणि तो ओळखता आलाच पाहिजे. पोरगं भलतंच बोलतं, प्रश्नाचं उत्तर विसंगत देतं, भांडायला उठतं, दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, ओळख पटत नाही, झटके येतात किंवा शुद्ध जाते. अंग हाताला भाजतं. याला उष्माघात म्हणतात. एक गैरसमज इथेच काढून टाका, उष्माघातात घाम थांबतो आणि अंग कोरडं पडतं असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण व्यायामामुळे झालेल्या उष्माघातात पोरगं घामाने चिंब असू शकतं. घाम येतोय म्हणजे धोका नाही असं समजून थांबलेली माणसं मी पाहिलीत.

तेव्हा काहीही तपासायच्या आधी चार प्रश्न विचारा: नाव काय, आज वार कोणता, आता कुठे आहेस, सकाळी किती राउंड मारले? उत्तरात गडबड वाटली तर पुढचं काही वाचू नका, सरळ खाली "108 ला फोन" वर जा. हे विचारायला पैसा लागत नाही आणि अर्धा मिनिट पुरतं, म्हणून मी प्रत्येक वेळी विचारतो, समोरचं पोरगं हसलं तरी विचारतो.

आता तपासण्या, सोप्या आधी.

1. सावलीत आडवं करा, पाय वर

खर्च शून्य. सावलीत, हवा खेळेल अशा जागी उताणं झोपवा आणि पाय खुर्चीवर किंवा बॅगेवर ठेवा, बूट-मोजे काढा, पट्टा सैल करा. पळताना पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलत असतात, थांबल्यावर तो पंप बंद होतो आणि रक्त पायात साठतं. नुसत्या या कारणाने चक्कर असेल तर 10-15 मिनिटांत चेहऱ्यावर रंग येतो. आला तर दोष सापडला: पळून झाल्यावर लगेच उभा राहिला किंवा बसून राहिला, चालत थंड झाला नाही. आमच्याकडे शेवटच्या राउंडनंतर 10 मिनिटं चालणं सक्तीचं केल्यापासून ग्राउंडवर चक्कर येणं खूप कमी झालं.

20 मिनिटांनीही फरक नसेल तर पुढे जा. आणि उलटी होत असेल तर उताणं ठेवू नका, कुशीवर वळवा.

2. ओला पंचा आणि वारा

दुपट्टा, पंचा, बनियन जे असेल ते ओलं करून मान, छाती, काखा, जांघा यावर ठेवा, सतत पाणी मारत रहा आणि वारा घाला. घाम किंवा पाणी वाळतं तेव्हा उष्णता घेऊन जातं, 1 लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता जाते. विदर्भातल्या कोरड्या हवेत हे फार छान चालतं, म्हणूनच आपला कूलर चालतो. मुंबई-कोकणात हवा आधीच दमट, तिथे घाम नुसता गळतो, वाळत नाही, म्हणून तिथल्या लोकांनी वाऱ्यावर भरवसा न ठेवता गार पाणी आणि बर्फ जास्त वापरायचा. आणि अंग ओलं न करता 43-44 अंशांत नुसता पंखा लावून पोराला त्याच्या खाली झोपवू नका, ती गरम हवाच अंगावर येते.

3. आठ ते अकरा काय केलं ते विचारा

माझ्या मते सगळ्यात जास्त दोष इथे सापडतात आणि यालाच लोक सगळ्यात कमी वेळ देतात. मी घाई करत नाही, शेजारी बसतो आणि तास-तास मागे जात विचारतो, कारण पोरं लपवतात, सरांना कळलं तर ग्राउंड बंद करतील ही भीती असते.

गरम पाण्याची आंघोळ केली का? व्यायामानंतर कढत पाणी घेतलं की अंग मोकळं होतं असं सगळ्यांना वाटतं, पण आधीच पसरलेल्या रक्तवाहिन्या आणखी पसरतात आणि बाथरूममध्येच पोरगं कोसळतं, वरून आतून कडी लावलेली असते. उन्हाळ्यात ग्राउंडनंतर साधं नळाचं पाणी, तेही अर्ध्या-पाऊण तासाने, कडी न लावता.

बसलास कुठे? आमच्या गावातल्या कितीतरी अभ्यासिका गच्चीवर पत्रा टाकून केलेल्या आहेत. महिन्याचे पैसे कमी म्हणून पोरं तिथेच जातात. दहानंतर तो पत्रा तापतो आणि डोक्यावर भट्टी असल्यासारखं वाटतं. हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या पेटीत मोजलेला असतो, पत्र्याखाली बसलेल्या पोराचा तो आकडा नाही. एका वर्षी माझ्याकडे एकाच आठवड्यात 5 पोरं आजारी पडली, पाचही एकाच अभ्यासिकेची. मालकाशी बोलून पत्र्याखाली हिरवी जाळी आणि वर पांढरा चुना मारून घेतला, दोन कूलर लावले, त्यानंतर तिथून फोन आला नाही.

काय घालून पळालास? वजन कमी करायला, घाम काढायला रेनकोट नाहीतर जाड जॅकेट घालून पळणारी पोरं अजून आहेत. त्यात चरबी जळत नाही, नुसतं पाणी जातं आणि घाम वाळायला जागाच राहत नाही. हे दिसलं की मी त्या दिवसाचं ग्राउंड थांबवतो.

झोप किती, पोटात काय, गेल्या 3-4 दिवसांत ताप किंवा जुलाब झाले का? तापातून नुकतं उठलेलं पोरगं सगळ्यात आधी पडतं. उपवास असेल, रोजा असेल तर त्या दिवसांत मी जोराचा सराव संध्याकाळी खाणं-पाणी झाल्यावर ठेवतो, त्यात कोणाची श्रद्धा आड येत नाही.

गोळी-पावडर काय घेतली? जिमवाल्याने दिलेली प्री-वर्कआउट पावडर, सर्दीची गोळी, बीपीची किंवा लघवी जास्त करणारी गोळी, मानसिक आजाराची औषधं, यातल्या काहींनी घाम कमी होतो, काहींनी पाणी कमी होतं, काहींनी हृदयाचे ठोके वाढतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःहून बंद करायची नाही, त्यांनाच विचारायचं. जिमच्या पावडरीचा डबा मात्र मी सरळ बंद करायला लावतो.

मुलींना एक प्रश्न वेगळा, आणि तो मी माझ्या बायकोला विचारायला लावतो: पाणी पितेस का? बहुतेक ग्राउंडवर मुलींसाठी बाथरूम नाही, म्हणून त्या पहाटे चारपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत. किती वर्षं मी त्यांना पाणी प्या पाणी प्या म्हणून ओरडत होतो आणि खरं कारण विचारलंच नव्हतं. आता ग्राउंडशेजारच्या एका घरी मावशींनी त्यांचं बाथरूम वापरू दिलंय आणि मुलींच्या तक्रारी निम्म्याने तरी घटल्या असतील. रक्त कमी असणं हाही मुलींत नेहमी सापडणारा दोष आहे, त्याचं पुढे सांगतो.

नवीन पोरगं आहे का? पुण्याहून किंवा होस्टेलच्या एसीतून एप्रिलमध्ये गावी आला आणि दुसऱ्याच दिवशी जुन्या पोरांबरोबर पूर्ण ग्राउंड मारलं, असं असेल तर उत्तर तिथेच मिळालं. उन्हाची सवय व्हायला शरीराला 10 ते 14 दिवस लागतात, त्यात घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. पहिल्या आठवड्यात निम्मंच ग्राउंड.

4. लघवीचा रंग

यालाही पैसे नाहीत. फिकट पिवळी असेल तर पाणी बरं आहे. गडद पिवळी आणि थोडी, किंवा पाच-सहा तास झालीच नाही, तर पाणी कमी पडलंय. चहासारखी, कोलासारखी तपकिरी झाली असेल तर मात्र घरी काहीही करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना. त्याचा अर्थ स्नायू तुटून त्यातला रंग मूत्रपिंडातून जात असू शकतो आणि मूत्रपिंड बंद पडू शकतं. हे बहुतेक वेळा ग्राउंडनंतर एक-दोन दिवसांनी दिसतं, मांड्या सुजलेल्या आणि हात लावू देत नाही एवढ्या दुखतात. मी पाहिलेल्या दोन्ही केसेस एकाच कारणाच्या होत्या, कोणीतरी शिक्षा म्हणून नवीन पोराला शेकड्यांनी उठाबशा काढायला लावल्या, तेही भर एप्रिलमध्ये. ग्राउंड घेणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगतो, उठाबशांची शिक्षा बंद करा. आणि अशा दुखण्यावर डायक्लोफिनॅक, ब्रुफेनसारखी गोळी स्वतःहून घेऊ नका, आधीच ताण आलेल्या मूत्रपिंडावर ती आणखी ताण टाकते.

5. वजनकाटा

साधा काटा पाचशे-हजारात मिळतो, दहा पोरांनी वर्गणी काढली तरी होतो. ग्राउंडच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमी कपड्यांत वजन करा. 1 किलो कमी म्हणजे साधारण 1 लिटर पाणी गेलं. 60 किलोच्या पोराचं सव्वा किलो गेलं तर ते 2 टक्के झालं, तिथून दम आणि डोकं दोन्ही मंद व्हायला लागतात. जेवढं गेलं तेवढं पुढच्या दोन-तीन तासांत थोडं थोडं भरून काढायचं, एका दमात तांब्या रिकामा करायचा नाही.

काट्याचा खरा उपयोग उलट्या बाजूने आहे. वजन वाढलं असेल तर? दोन तासांत चार-पाच लिटर साधं पाणी ढोसलेलं पोरगं, डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजलेली, अंगठी घट्ट झालेली. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं आणि तो आणखी पाणी पाजतो. पण इथे रक्तातलं मीठ पातळ झालेलं असतं, पाण्याने ते आणखी पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. वजन वाढलंय आणि डोकं दुखतंय, उलट्या होताहेत तर पाणी थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. काटा नसेल तर निदान विचारा, किती प्यायलास, काय प्यायलास.

6. पाणी आणि मीठ, नीट मापात

वरच्या तपासणीत पाणी कमी पडलं असं दिसलं, पोरगं शुद्धीत आहे, उलटी थांबलीय, तर ओआरएस द्या. 21 ग्रॅमच्या आसपासचं मोठं पाकीट 1 लिटरमध्ये, छोटं 4 ग्रॅमवालं 200 मिलिलिटरमध्ये, पाकिटावर लिहिलेलं वाचून. चव आवडत नाही म्हणून मोठं पाकीट एका ग्लासात घोळवणारे आहेत, त्याने उलटी आणि जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लिंबू पिळलं तर उत्तम. मीठ घातलेलं ताक चालतं, कैरीचं पन्हंही चालतं, आमच्या आज्यांनी ते उगाच नव्हतं शोधलं, फक्त त्यात मीठ हवं आणि साखर-गूळ बेताचा. कोल्ड्रिंक नको, आणि दुकानात जी गोड फळांच्या चवीची तयार डबी मिळते ती ओआरएस नाही, 2025 च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, अशा पेयांवर ओआरएस शब्द लिहायला मनाई केली ती याच कारणाने. मेडिकलवाल्याकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्याचं पाकीट मागा.

घोट-घोट, पाच-दहा मिनिटांनी. अर्ध्या-एक तासात लघवी लागली, डोकं हलकं झालं, भूक लागली तर गाडी रुळावर आली समजा. तेव्हा खिचडी, दहीभात, केळं असं काही द्या आणि त्या दिवशी परत उन्हात सोडू नका.

7. थर्मामीटर, पण त्यावर विसंबून राहू नका

काखेतला थर्मामीटर आणि कपाळाला लावायची बंदूक दोन्ही अशा वेळी कमी दाखवतात, कारण कातडी घामाने गार असते आणि आत आग असते. आत 40 च्या वर असताना काखेत 38 दिसू शकतं. म्हणून माझा नियम एकच: आकडा जास्त दिसला तर खरा धरा, कमी दिसला तर विश्वास ठेवू नका आणि पोराच्या बोलण्याकडे बघा. आणि ताप दिसला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. आजारपणातल्या तापात मेंदूच शरीराचं तापमान वर ठेवतो आणि गोळी तिथे काम करते. इथे मेंदूने काही वाढवलेलं नाही, उष्णता साठलीय, गोळीने ती जात नाही आणि तापलेल्या यकृतावर भार पडतो.

8. आठवडाभराची वही

एकदा बरं झालं आणि परत झालं तर ही तपासणी. वहीत रोज लिहा: किती वाजता झोपलो, ग्राउंडआधी-नंतर वजन, ग्राउंडनंतर कुठे होतो, आंघोळ कधी, काय प्यायलो, त्रास किती वाजता सुरू झाला. सात दिवसांत बहुतेक वेळा दोष कागदावर दिसतो. एक पोरगं दर मंगळवारी आणि शुक्रवारी पडायचं. वही पाहिल्यावर कळलं त्या दोन दिवशी तो ग्राउंडवरून थेट बाजारात जाऊन भावाच्या भाजीच्या गाडीवर दुपारी एकपर्यंत उभा राहायचा. त्या दोन दिवशी जोराचा सराव बंद केला, त्रास गेला.

9. इथून पुढे डॉक्टर

वही नीट पाळली, सावली, पाणी, मीठ, झोप सगळं बरोबर, तरी तिसऱ्यांदा तेच झालं तर माझं आणि तुमचं काम संपलं. रक्त तपासायला पाठवा: हिमोग्लोबिन (मुलींत रक्त कमी आहे का ते यातच दिसतं), साखर, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनीन, स्नायूंची सीपीके, डॉक्टर सांगतील ते.

दोन गोष्टींत तिसऱ्या वेळेची वाटही बघायची नाही. पहिली, पोरगं पळताना, म्हणजे पळण्याच्या मध्येच, शुद्ध हरपून पडलं, छातीत दुखलं, धडधड झाली, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेलेलं आहे. पळून थांबल्यावर चक्कर येणं आणि पळता पळता कोसळणं यात फार फरक आहे, दुसऱ्यात हृदयाची तपासणी झाल्याशिवाय एकही राउंड नाही. दुसरी, सिकलसेल, म्हणजे आई-वडिलांकडून येणारा, रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आजार. मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या पोरांनी आणि विदर्भातल्या बाकीच्यांनीही, कारण ते फक्त आदिवासी समाजातच आहे असं नाही, सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी करून घ्या. नुसता वाहक असलेला माणूस एरवी अगदी निरोगी असतो, पण उन्हात, पाणी कमी असताना, पूर्ण जोर लावून पळाला तर स्नायूंत रक्त अडकून कोसळू शकतो. असं पोरगं बोलत असतं, म्हणतं पायात जीवच नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं नाटक करतोय. पायात जीव नाही म्हटलं की तिथेच थांबवायचं. आमच्याकडे दोन वाहक आहेत, दोघंही पळतात, फक्त सलग स्प्रिंट नाही, मध्ये पूर्ण विश्रांती आणि पाणी.

108 ला फोन

बोलण्यात गोंधळ, झटका, बेशुद्धी, चालता न येणं, थांबत नसलेल्या उलट्या, किंवा सावली-पाणी करूनही अर्ध्या-पाऊण तासात जास्तच बिघडत जाणं. यातलं एक जरी असलं तरी 108. फोन एकाने करायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी गार करायला लागायचं. गाडी येईपर्यंत वाट बघत बसायचं नाही, कारण उष्माघातात पहिल्या अर्ध्या तासात शरीर किती गार केलं यावर मेंदू, यकृत, मूत्रपिंड वाचणं अवलंबून असतं.

कसं करायचं ते सांगतो. चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एक पोरगं दहा वाजता रस्त्याच्या कडेला सापडलं, ग्राउंड करून उन्हात सायकलने निघालेलं. मला ओळखेना, मले काही नाही झालं म्हणत हात झटकत होता, नाव विचारलं तर गावाचं नाव सांगत होता. समोर रसवंती होती. तिथून ताडपत्री आणि बर्फाची लादी आणली, पोराला ताडपत्रीवर ठेवलं, चार जणांनी चार बाजू उचलून धरल्या म्हणजे टपासारखी झाली, त्यात बादल्यांनी पाणी आणि फोडलेला बर्फ, डोकं वर धरून ठेवलेलं आणि पाणी हाताने सतत हलवत राहिलो. 15 मिनिटांनी तो कुडकुडायला लागला आणि माझं नाव घेतलं. अॅम्ब्युलन्स त्यानंतर आली. आता ताडपत्री, दोन बादल्या आणि बर्फवाल्याचा नंबर हे आमच्या ग्राउंडचं सामान आहे, गोळाफेकीच्या गोळ्याइतकंच.

तेव्हा बघ्यांतले दोघं-तिघं ओरडत होते की गरम अंगावर बर्फ टाकू नका, गरम-थंड होईल, झटका येईल. ही भीती घराघरात आहे म्हणून स्पष्ट लिहितो: व्यायामाने उष्माघात झालेल्या तरुण माणसाला बर्फाच्या पाण्यात ठेवणं हाच सगळ्यात वेगवान आणि जगभर मान्य असलेला उपाय आहे. ताडपत्री नसेल तर नळाखाली, मोटारीच्या पाइपाखाली, हौदाच्या पाण्याने, जे असेल त्याने. अर्धवट शुद्धीत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. झटका आला तर चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका, डोकं पाण्याबाहेर ठेवून कुशीवर करा. पोरगं शुद्धीवर आलं, हसलं, घरी जातो म्हणालं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण यकृत-मूत्रपिंडाचं नुकसान एक-दोन दिवसांनी रक्तात दिसतं. एकदा एका दवाखान्यात अशाच पोराला सलाइन लावून, तापाची गोळी देऊन तासाभरात घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत भरती करावं लागलं. तेव्हापासून मी सोबत जातो आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य बोलतो: व्यायामानंतर उन्हात होता, इतके वाजता गोंधळलेला सापडला, इतकी मिनिटं बर्फात होता, उष्माघात आहे का बघा.

हे एवढं ताणून सांगतोय कारण जून 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या 5 किलोमीटरमध्ये तरुण पोरांचे जीव गेले ते आमच्या पिढीतल्या ग्राउंड घेणाऱ्यांना विसरता येत नाही. आणि 16 एप्रिल 2023 ला खारघरला तर कोणी पळालंही नव्हतं, लोक पुरस्काराच्या कार्यक्रमाला उघड्यावर उन्हात बसले होते, तरी उष्माघाताने माणसं गेली. त्या उन्हात बसण्याआधी कोणी 1600 मीटर मारून आला असता तर, एवढाच विचार करा आणि ग्राउंडनंतर पोराला कुठे बसवायचं ते ठरवा.

परत ग्राउंडवर कधी

साधा त्रास असेल, म्हणजे डोकेदुखी-मळमळ, आणि त्याच दिवशी बरा झाला, तर पूर्ण दोन दिवस सुट्टी, तिसऱ्या दिवशी चालणं, मग निम्मं ग्राउंड. भरतीची तारीख जवळ आहे म्हणून दुसऱ्याच दिवशी 1600 मारायला येतात, मी गेटवरून परत पाठवतो, कारण एकदा तापलेलं शरीर पुढचे काही दिवस कमी उष्णतेतही परत पडतं. उष्माघात झाला असेल तर दवाखान्यातून आल्यावर किमान 7 दिवस काहीच नाही, त्यानंतर रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आणि डॉक्टरांची लेखी परवानगी, मग आधी गार वेळेत चालणं, हळूहळू वाढवत दोन ते चार आठवड्यांत पूर्ण सराव. त्या सायकलवाल्या पोराला मी 5 आठवडे घेतले. त्याच्या वडिलांना वाटलं वेळ वाया चाललाय, ते दोनदा येऊन बोलून गेले, मी रिपोर्टची झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवून एक-एक आकडा समजावून सांगितला. सहाव्या आठवड्यात पोरगं सकाळी सहाला आलं, 4 राउंड चाललं, काट्यावर उभं राहिलं, वहीत वजन लिहिलं आणि सावलीत बसलं.